साडेतीन हात आणि सहा बोटं

धाकू सुताराने माझं पहिलं स्वागत केलं ते माझी उंची सांगून. पोलादपूरच्या वर डोंगरात एका वाडीवर मी शाळामास्तर म्हणून रुजू होत होतो. काखेत वळकटी, हातात कंदील, चढणीने छाती भरून आलेली. फणसाखाली एक वाळका म्हातारा नांगराला पाचर ठोकत बसला होता. त्याने मान वर केली, एक डोळा बारीक केला, मला टाचेपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "साडेतीन हाताला तीन बोटं कमी. टोपी सोडून. शाळंची चौकट तुमच्या कपाळाला लागायची नाय मास्तर, बिनघोर जावा."

मी महाडसारख्या तालुक्याच्या गावी शिकलेला, अंगात नवी नोकरी. मला ते झोंबलं. मी म्हटलं, "बाबा, माणसाची उंची विद्येवरून मोजतात."

"त्ये माप माज्यापाशी नाय," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा पाचर ठोकू लागला.

पुढे कळलं, की हा मान तो सगळ्यांनाच देत असे. वाडीतल्या प्रत्येक माणसाचं माप त्याच्या डोक्यात होतं. कोण कोणाचा कोण हे सांगताना तो नातं कमी आणि उंची जास्त सांगायचा. "त्यो व्हय, पावणेचार हात, जरा डावीकडं कललेला," असं म्हटलं की ऐकणाऱ्याला माणूस बरोबर कळायचा. त्याच्या कमरेला एक घडीची पितळी कोनांची फूटपट्टी कायम खोचलेली असे. ती त्याच्या मुलाने, सखारामने, मुंबईहून आणून दिली होती. पण ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. काम हाताने, वितीने, बोटांनी चाले आणि त्याची चौकट कधी चुकली नाही. कोणी पट्टीविषयी विचारलं तर म्हणायचा, "ती मुंबईची हाय. हितल्या लाकडाला तिची भाषा कळत नाय."

बोलणं तिरकस, हात सरळ, अशी त्याची गत होती. शाळेला त्याने एक बाक करून दिला. मी सहज म्हटलं, जरा हलतो वाटतं. तो बाकावर बसला, उठला, मला बसवलं, उठवलं, आणि म्हणाला, "बाक हलत नाय. तुमी हलताय." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण बहुतेक वेळा तो खरा असायचा आणि ते त्याला माहीत असायचं.

त्याचा एक नेम मात्र विचित्र होता. आडव्या माणसाचं माप तो घेत नसे. वाडीच्या खोतांना संधिवाताने धरलं, तेव्हा त्यांनी पलंग करायला धाकूला बोलावलं. खोत अंथरुणाला खिळलेले. धाकू दारात उभा राहिला आणि म्हणाला, "उभे ऱ्हावा." खोत म्हणाले, "अरे, उभा राहता येत असतं तर पलंग कशाला सांगितला असता?" धाकू हलेना. शेवटी दोन गड्यांनी खोतांना बगलेत धरून भिंतीशी उभं केलं, खोत कण्हतायत, शिव्या देतायत, आणि हा शांतपणे वितीने त्यांना मोजतोय. परत निघताना मी विचारलं, हा काय हट्ट? तो म्हणाला, "आडव्या माणसाचं माप कशासाटी घेतात, ठावं हाय ना? जित्या माणसाला त्या मापानं मोजू नये." मी तेव्हा हसलो होतो.

त्याचं घर वाडीच्या वरच्या अंगाला होतं. लहानसंच, पण दाराची चौकट बघत राहावी अशी. डाव्या खांबावर खालपासून वर पटाशीने पाडलेल्या खाचा होत्या. दरवर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की धाकू सखारामला त्या खांबाशी उभं करायचा आणि डोक्यावर पटाशी टेकवून एक खाच पाडायचा. सगळ्यांत वरची खाच साडेतीन हात आणि चार बोटांवर होती. त्यानंतर सखाराम मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात सुतारकामाला गेला. लग्नापुरता एकदा घरी आला, चार महिने राहिला. मग पहिली मोठी लढाई लागली, आणि कारखान्यातून काही सुतार इराकात बसऱ्याकडे नेले त्यात तो गेला. उजव्या खांबावर नुसत्या आडव्या रेघा होत्या. त्या मी नक्षी समजत होतो.

मी वाडीवर आलो तेव्हा लढाई संपून नऊ-दहा वर्षं झाली होती. पहिल्याच एकादशीला पाहिलं, की धाकूच्या घरी बायका येतात आणि त्याच्या बायकोच्या, जनाबाईच्या पाया पडून जातात. मी खोतांना विचारलं. खोत अगदी सहज म्हणाले, "तिचा मुलगा सदेह गेला ना. विमान आलं होतं त्याला."

झालं होतं ते असं. लढाईच्या तिसऱ्या वर्षी साहेबाचं इंग्रजी पत्र आलं. माझ्या आधीच्या मास्तरांनी ते पडवीत बसून वाचलं आणि मराठीत सांगितलं, की सखाराम विमानात बसून गेला तो परत आला नाही. त्या काळी त्या वाडीवर विमान हा शब्द एकाच ठिकाणी ऐकलेला, कीर्तनात. बुवा डोळे मिटून सांगायचे, आभाळातून विमान उतरतं आणि पुण्यवंताला देहासकट वैकुंठाला घेऊन जातं. पत्र आलंय एवढंच कळल्यापासून जनाबाईने अन्न टाकलं होतं. मास्तरांच्या तोंडून विमान ऐकलं आणि ती उठली, तोंड धुतलं, देवापुढे दिवा लावला आणि जेवायला बसली. मास्तर पुढे काहीतरी समजावून सांगत होते, पण ते ऐकायला तिथे कोणी उरलं नाही. शेजारीण धावत दुसऱ्या घरी गेली, दुसऱ्यातून तिसऱ्या घरी, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या वाडीला सखाराम सदेह वैकुंठाला गेल्याचं ठाऊक झालं.

त्यानंतर काही वर्षांनी सरकारकडून एक पुडकं आलं. त्यात दोन बिल्ले होते, रंगीत फितीचे, आणि तळहातापेक्षा मोठी एक कांशाची जड चकती. चकतीवर एक उभी बाई आणि तिच्या पायाशी सिंह. जनाबाईने ती हातात घेतली आणि डोक्याला लावली. सिंहाशेजारी उभी असलेली बाई देवीशिवाय कोण असणार? देवाचे टाक असतात तसा हा देवीचा टाक आहे, सखाने वरून पाठवला, असं म्हणून तिने तो देव्हाऱ्यात ठेवला. रोज हळद, रोज कुंकू. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुंकवाचे थर बसून त्यावरची अक्षरं बुजून गेली होती. पण मी असली चकती महाडला एका घरी पाहिलेली होती. ती ज्यांचा माणूस लढाईत मेला त्यांच्याच घरी येते. त्या कुंकवाखाली सखारामचं नाव होतं आणि ती माउली रोज त्याच्यावर बोट टेकवून नमस्कार करत होती. मला तिथे उभं राहवेना. पाणी न पिताच बाहेर आलो.

दोन बिल्ले मात्र धाकूने देव्हाऱ्यात जाऊ दिले नव्हते. ते त्याच्या हत्यारांच्या पेटीत असत. खंडेनवमीला वाकस, रंधा, करवत, पटाशी, गुण्या ओळीने मांडून शेवटी तो ते दोन बिल्ले ठेवायचा. मी विचारलं तर म्हणाला, "त्याची हत्यारं काय परत आली नायत. ह्येच आलं."

धाकूला विमानाविषयी काय वाटत होतं, ते कोणालाच कळत नसे. सखारामचं एक कार्ड त्याच्यापाशी होतं, बसऱ्याहून आलेलं. त्यात मुलाने कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, की इथे लाकडाच्या काड्या जोडून वर कापड ताणून पंख करतात, आम्ही सुतार ते दुरुस्त करतो, बाबा तुम्ही बघाल तर हसाल. हे कार्ड धाकू माझ्याकडून पुन्हापुन्हा वाचून घ्यायचा आणि दर वेळी सांध्यापाशी अडायचा. "सांधा कसा करतात त्ये लिवलं नाय. खिळा मारत असतील तर चिरंल. सरस लावत असतील तर तिथल्या उन्हात सुटंल." एकदा त्याने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे वीतभर पंख केले, जनाबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यावर ताणला आणि शाळेत घेऊन आला. आम्ही दोघांनी ते शाळेच्या ओट्यावरून सोडलं. ते सरळ खाली जाऊन निवडुंगात पडलं. धाकूने ते उचललं, मोडलेली काडी बघितली आणि म्हणाला, "येवढ्यावर माणूस बसवायचा म्हंजे बसवणाऱ्याची छाती मोठी पायजे." म्हणजे हे विमान कुठलं, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. पण त्याने घरी कधी तोंड उघडलं नाही. जनाबाई जेवत होती, एवढं त्याला पुरत असावं.

मला इंग्रजी येतं हे कळल्यावर एका दुपारी त्याने मला पडवीत बसवलं आणि पत्र्याचा डबा पुढे ठेवला. जनाबाई समोर सुपात तांदूळ पाखडत होती. सून येसू आतल्या दाराशी उभी होती. लग्नात चौदा वर्षांची होती, आता सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. अंगाने दणकट, बोलणं मोजकं.

"मास्तर, समदं वाचू नका," धाकू म्हणाला. "येवढंच बघा. यात मेला असं कुटं लिवलंय काय?"

पहिलं साहेबाचं पत्र होतं. पुढच्या ठाण्यावर एक विमान पंख मोडून अडकलं होतं. ते दुरुस्त करायला सुतार हवा होता. दुसरं विमान शत्रूवर बॉम्ब टाकायला त्याच बाजूला निघालं होतं, त्यात मागे सखारामला बसवून दिलं. ते विमान ठाण्यावर पोचलं नाही आणि परतही आलं नाही. साहेबाने सखारामच्या हाताची तारीफ केली होती. दुसरा कागद राजाच्या नावाचा, छापील. तिसरा लहान होता, सात ओळींचा. इतके महिने तपास लागला नाही, सबब सदर इसम त्याच तारखेस मृत झाला असं सरकार मानत आहे, असं त्यात लिहिलं होतं.

मी वर पाहिलं. जनाबाईचं सूप थांबलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "बेपत्ता, एवढंच आहे."

"मंग? मी काय सांगत व्हते?" जनाबाई म्हणाली आणि सूप पुन्हा हलू लागलं. धाकूने कागद घडी घालून डब्यात ठेवले. मी फार मोठं पुण्य केल्याच्या थाटात घरी आलो. आतल्या दाराशी कोण उभं होतं याचा मी विचारसुद्धा केला नव्हता.

तो विचार मला येसूनेच करायला लावला. हळदीकुंकवाला ती जायची, पण तिच्या कपाळाला बोट लावताना बायका क्षणभर थांबायच्या. ओटी भरायच्या वेळी तिला कोणी पुढे बोलवत नसे आणि मागेही सारत नसे. सवाष्ण म्हणावी तर नवरा नाही, विधवा म्हणावी तर सासू वैकुंठाकडे बोट दाखवणार. एके दिवशी पाण्याची घागर घेऊन ती शाळेवरून जात होती. मुलं सुटली होती. ती थांबली, घागर खाली न ठेवताच म्हणाली, "मास्तर, बेपत्ता म्हंजे किती वरीस?"

मी मुलांच्या पाट्या रचू लागलो. घागर सावरून ती चालू लागली. त्या रात्रीपासून, खरं सांगतो, माझं पुण्य मला टोचायला लागलं.

त्याच वर्षी भाताची कापणी व्हायच्या आधी येसूचा भाऊ दगडू वरंधहून आला. मीही तिथेच होतो. त्याने पाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोलला आणि मग जमिनीकडे बघत मुद्द्यावर आला. तुडीलला त्यांच्याच जातीचा एक माणूस होता, सावित्री नदीवर होड्या बांधायचा. पहिली बायको वारलेली. येसूशी पाट लावायला तयार होता. त्यांच्यात विधवेचा पाट लागत असे, त्यात कोणाला वावगं नव्हतं.

"पण त्यो एकच म्हणतो," दगडू म्हणाला. "जिचा दादला वर जिता हाय, तिला कशी न्यावी? उद्या विमान खाली उतरलं तर?"

मला हसू आलं असतं, पण येसूचा चेहरा समोर होता. जनाबाई उठून उभी राहिली. "माज्या घरात माज्या पोराला मारायला आलास व्हय रे?" ती म्हणाली. "त्याचं पान आमी पितरात कदी ठेवलं नाय. कावळ्याला घास दिला नाय. आणि तू पाट घिऊन येतोस?" दगडू खाली मान घालून बसला. येसू आत गेली. धाकूने वाकस उचलला आणि अंगणातला ओंडका तासायला लागला. दगडू तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आत धाकू शाळेत आला. काखेत पत्र्याचा डबा होता. आपल्याच बाकावर बसला.

"मास्तर, त्या दिवशी तुमी कागूद खोटा वाचलात."

मी विचारलं, कशावरून.

"तिसरा कागूद. तुमचे डोळं पार खालपतुर गेलं. सात वळी हायत, मी मोजल्यात. आन् तोंडातनं निगालं चार शबुद. माप जुळलं नाय."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

त्याने बाकाच्या फळीवरून हात फिरवला. "जनी बसली व्हती. आणि मलाबी त्येच ऐकायचं व्हतं," तो म्हणाला. "आता खरं वाचा."

मी वाचलं, शब्दन् शब्द. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मानलं म्हंजे? त्येनी बगितलं नाय?"

"नाही. कोणीच बघितलं नाही."

"म्हंजे सरकारबी आमच्यासारकंच." त्याने कागद घडी घालून डब्यात ठेवला. मग म्हणाला, "पोरीला मी धा वर्सं खुंटीला टांगून ठेवली, मास्तर. दोन म्हातारी मानसं सुखानं जेवावीत म्हणून." एवढं बोलून त्याने पंच्याने तोंड पुसलं. मी त्याला तसा कधीच पाहिला नव्हता, आणि सांत्वन करण्याइतकं माझं वयही नव्हतं आणि तोंडही नव्हतं.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं, अशी रीत आहे. उजव्या खांबावरच्या त्या आडव्या रेघा कशाच्या, ते तेव्हा मला कळलं. दर खंडेनवमीला एक. अकरा झाल्या होत्या. त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने बारावी रेघ ओढली आणि जनाबाईला सांगितलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी करून ठेवायची आणि चुलीपाशी तोंड फिरवून बसायची.

पोलादपूरहून भटजी आले. पळसाचे तीनशे साठ देठ मोजून ठेवलेले होते. भटजी म्हणाले, "पुतळा हातभर केला तरी चालतो."

"माजा पोरगा हातभर नव्हता," धाकू म्हणाला.

तो ओळंब्याची दोरी घेऊन चौकटीशी गेला. उंबऱ्यावर दोरीचं टोक दाबलं, डाव्या खांबावर हात चालवत नेला आणि वरच्या खाचेशी दोरी बोटाने धरली. साडेतीन हात, चार बोटं. दगडू, मी, भटजी, वाडीतले चार जण अंगणात उभे होतो. धाकू दोरीला गाठ मारणार, तोच आतून जनाबाई आली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती नवऱ्याशी बोलली.

"त्या खुणंवर जाव नका," ती म्हणाली. "ती मुंबईला जायच्या आदीची. लग्नात मुंडावळ्या बांदून आत आला तवा कपाळ वरच्या चौकटीला लागलं व्हतं. तुमीच म्हणालात, मान वाकव."

धाकूने विचारलं, "किती?"

जनाबाई टाचा उंचावून उभी राहिली आणि खाचेच्या वर तिने आपली दोन बोटं आडवी ठेवली. धाकूने दोरी वर सरकवली, तिच्या बोटांपर्यंत आणली आणि तिथे गाठ मारली. मग ती दोरी त्याने अंगणात सारवलेल्या जागेवर आडवी टाकली. ज्याने खोतांना आडवं मोजलं नव्हतं, तो म्हातारा गुडघ्यांवर बसून डोकं कुठे, खांदे कुठे, पाय कुठे, हे भटजींना बोटाने दाखवत होता. मी तिथून उठून फणसाखाली गेलो आणि रडलो. त्यात लाजण्यासारखं मला आजही काही वाटत नाही.

येसूच्या बांगड्या त्या दिवशी फुटल्या. पाट लागायचा तर आधी विधवा व्हायला हवं होतं, आणि ती त्या दिवशी झाली. ती नवऱ्याला चार महिने ओळखत होती. पण ती रडली ती काल गेलेल्या माणसासाठी रडतात तशी, आणि जनाबाईने तिला छातीशी धरून ठेवलं होतं. दिवस झाल्यावर धाकू देव्हाऱ्यातली ती चकती काढायला गेला. जनाबाई म्हणाली, "राऊ द्या तितंच. आपल्यात गेलेल्यांचे टाक ठेवत्यात ना देवात. त्याचा म्हणून ठेवा." तिने ती पहिल्यांदाच पाण्याने धुतली. कुंकू गेलं आणि अक्षरं वर आली.

पाट तुडीलला लागला, दिवेलागणीला, चार माणसांत. सासरच्यांनी तिथे जायचं नसतं, म्हणून धाकू गेला नाही. पण आदल्या दिवशी त्याने फणसाच्या लाकडाचा एक बसायचा पाट केला, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं बसवली आणि येसूच्या बोचक्याशेजारी ठेवला. मला म्हणाला, "पाटाला पाट नको काय, मास्तर?" आणि स्वतःच हसला, पण ते हसणं फार टिकलं नाही. निघताना येसू वाकून पाया पडली. त्याने कमरेची मुंबईची फूटपट्टी काढून तिच्या हातात दिली. "त्येला दे. हातानं मापून होडी बांदत असंल तर बुडवंल तुला."

"जाते मामंजी," येसू म्हणाली. तो फक्त मान हलवून सुतारकामाच्या ओंडक्याशी जाऊन बसला.

पुढे माझी बदली महाडला झाली. वाडीवर जाणं होईना. जनाबाई गेल्याचं कोणाकडून तरी कळलं, त्यालाही दोन पावसाळे होऊन गेले. मग एका बाजाराच्या दिवशी नदीकडून येणाऱ्या रस्त्यावर धाकू समोर आला. पाठीत वाकला होता. मला बघून एक डोळा बारीक केला आणि म्हणाला, "मास्तर, एक बोट आणखी कमी झालात."

तो तुडीलहून येत होता. येसूला मुलगा झाला होता, तो बघायला गेला होता. "सव्वा हात हाय," तो म्हणाला. मी विचारलं, एवढंसं पोर, आडवंच मोजलं असेल ना. त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "उबा धरला ना येसूनं. पाय टेकवून."

आम्ही बोलत असतानाच आभाळात घरघर झाली. बाजारातली माणसं भराभरा रस्त्यावर आली, टोपल्या टाकून, हात कपाळाला लावून वर बघू लागली. मुंबईकडून एक विमान येत होतं, बरंच खालून. पोरं ओरडत त्याच्यामागे धावली. मी वर बघितलं आणि मग धाकूकडे बघितलं. तो वर बघत नव्हता. तो रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसला होता आणि घरघर नदीपलीकडे जाऊन विरेपर्यंत तसाच बसून राहिला.

"मास्तर, त्याचं पंख अजून लाकडाचंच असत्यात काय?"

मी वर्तमानपत्रात वाचलेलं सांगितलं. आता पत्र्याचे करतात, लाकडाचं काम गेलं.

"समदं पत्र्याचं?"

"बहुतेक."

त्याने काठी टेकली आणि उठला. पोलादपूरच्या रस्त्याला चार पावलं जाऊन मागे वळला.

"मंग आता मोडलं तरी सुताराला न्यायला लागत नसंल," तो म्हणाला. "बरं झालं."